एका झाडाला अकरा माळा

ख्रोनिसने त्या सकाळी कॉफीच्या दुकानात तोंड बंद ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीआड बसलेल्या माणसाला तोंड बंद ठेवायची सवय नसते. खिडकीआड बसलं की समोरचा ऐकून घेतो, कारण त्याचं पार्सल आत असतं. निवृत्त झाल्यावरही ख्रोनिस त्याच आवाजात बोलायचा. फरक एवढाच की आता आत कुणाचं पार्सल नव्हतं.

"यंदा असिमिनाच्या झाडांना माळा मीच बांधणार," तो म्हणाला.

अनेस्तिसने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, कॉफीचं भांडं आचेवरून खाली घेतलं.

"कोण बांधणार?"

"मी."

"जावईबापू, नर झाड कुठलं आणि मादी झाड कुठलं, एवढं तरी ओळखता येतं का तुम्हाला?"

सगळं दुकान हसलं. ख्रोनिस लग्न करून या गावात आला त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. त्याचे केस इथे गेले, दात इथे पडले, आणि गेल्या नोव्हेंबरात बायकोला, असिमिनाला, त्याने इथल्याच मातीत ठेवलं. तरी गावाच्या लेखी तो अजून जावईबापूच. आमच्या गावात अंजिराबद्दल बोलायचा हक्क जन्माने मिळतो. लग्नाने मिळतो तो फक्त खायचा.

माळा बांधणं हे काही मोठं शास्त्र नाही, असं ज्यांनी कधी बांधल्या नाहीत ते म्हणतात. आमच्या जातीचं अंजीर नुसतं पाणी घालून येत नाही. जूनमध्ये झाडावर हिरव्या गोट्या धरतात. त्यांच्यात रानअंजिरातली माशी शिरली तर त्या टिकतात. नाही शिरली तर जुलैत सुरकुततात आणि पटापट गळतात. माशी तिळाएवढी, काळी. म्हणून भल्या सकाळी रानअंजिरं तोडायची, लव्हाळ्याच्या काडीत पाच-सहा ओवायची, आणि ऊन चढायच्या आत माळ झाडावर टांगायची. उन्हाने माशा बाहेर निघतात आणि आपल्या कामाला लागतात. असिमिना हे चाळीस वर्षं करत आली. ख्रोनिसचं काम शिडी धरायचं. तेही तिने पुढे पुढे बंद केलं, कारण शिडी धरताना तो बोलायचा, आणि बोलताना हात हलवायचा.

तसं पाहिलं तर गावाच्या अंजिरांना ख्रोनिसचं एक देणं होतं, पण ते कुणी मान्य करत नसे. आमच्याकडे सुकवायचं अंजीर चिरून उघडतात आणि दोन-दोन अंजिरं गराला गर लावून दाबतात. अशी जोडी मग बोरूच्या चटईवर उन्हात टाकतात. खालच्या गावांत अजून अर्धंच चिरतात. आमच्या गावात मात्र देठापर्यंत, पुस्तक उघडावं तसं. ही पद्धत असिमिनाने लग्नाच्या वर्षी काढली आणि ख्रोनिसने पोस्टाच्या खिडकीतून ती गावभर केली. "रुंद चिरा, लवकर सुकतं," असं तो प्रत्येक तिकिटामागे सांगायचा. आता अनेस्तिस त्याला 'आमच्या आजोबांची पद्धत' म्हणायचा, आणि दर वेळी ख्रोनिसच्या पोटात दुखायचं.

बातमी संध्याकाळपर्यंत कालिरोईपर्यंत पोचली. कालिरोई असिमिनाची धाकटी बहीण. तिचा मळा शेजारीच. ती आली ती दारातच उभी राहिली.

"दाजी, ऐकलं ते खरं?"

"खरं."

"ती झाडं आमच्या बापाने लावलीत. ताईने पोरांसारखी सांभाळली. तुम्ही शिडीवरून पडाल त्याचं मला काही नाही, पण झाडांचं एक वर्ष वाया जाईल. मळ्याची किल्ली माझ्याकडे द्या. मी बघते."

"किल्ली देणार नाही."

"का?"

किल्ली स्वयंपाकघरात दाराजवळच्या खिळ्याला होती. असिमिना तिथे अडकवायची. ती तिथून हलली की भिंतीवर नुसता खिळा राहणार होता. पण असलं काही मेहुणीशी बोलता येत नाही.

"मी सरकारी नोकर होतो," तो म्हणाला. "घेतलेलं काम अर्धं सोडत नाही."

कालिरोई म्हणाली, "बरं. नोव्हेंबरात ताईचं वर्ष. चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर तिच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाच्या ताटाशेजारी ताईच्या झाडांच्या जोड्या ठेवाल, तर किल्ली तुमची, मी पुन्हा मागणार नाही. नाहीतर त्याच दिवशी किल्ली माझ्या हातात."

"ठरलं," ख्रोनिस म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की त्याची त्यालाच भीती वाटली.

पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी आली. असिमिना रानअंजिरं आणायची ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीत उगवलेल्या झाडावरून. ख्रोनिस तिथे गेला तर भिंत होती, भिंतीला नवीन सिमेंट होतं, आणि झाड नव्हतं. मुळांनी भिंतीला तडा गेला म्हणून पालिकेने मार्चमध्ये ते तोडलं होतं. राहिलं दुसरं एक रानअंजीर, ते बंद पडलेल्या शाळेच्या आवारात, आणि फाटकाला पालिकेचं कुलूप.

पालिकेच्या कचेरीत एव्दोक्सिया बसायची. तिने त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, शाळेच्या आवारातलं फळ ही पालिकेची मालमत्ता. अर्ज लागेल. ओळखपत्राची प्रत लागेल. शेतीच्या साहेबांचा अभिप्राय लागेल. साहेब गुरुवारी येतात."

"मग गुरुवारी येतो."

"या गुरुवारी त्यांच्या मुलीचं लग्न आहे."

"अगं, पण माशा काही साहेबांसाठी थांबणार आहेत का?"

"काका," एव्दोक्सियाने पेन खाली ठेवलं, "मी बारा वर्षांची होते. मावशीने अथेन्सहून ईस्टरचे बूट पाठवले होते. मी तुमच्या खिडकीशी आले. तुम्ही म्हणालात, वडिलांची सही आण. सही आणली, तर म्हणालात ओळखपत्र आण. ओळखपत्र आणलं, तेव्हा खिडकी बंद झाली होती. बूट मिळाले ते ईस्टर झाल्यावर."

ख्रोनिसला ते बूट आठवले नाहीत. बंद खिडकी मात्र आठवली. ती तो बरोबर दोनला लावायचा.

"नियम होता," तो म्हणाला.

"तो आहेच," ती म्हणाली, आणि अर्जाचा कागद पुढे सरकवला.

ख्रोनिसने अर्ज भरला. तिसऱ्या रकान्यात सही राहिली म्हणून तिने तो परत केला. त्याला राग आला, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. अर्ज परत करावा तर असा. न बघता, दोन बोटांनी, कागद उलटा करून. हल्ली हे कुणाला येत नाही.

तेव्हा रानअंजिरं विकत आणायची, असं ठरलं. खाली ओढ्याकाठच्या पेत्रा गावात जूनमध्ये सकाळी बाजार भरतो. पण किती आणायची? इथे ख्रोनिसने दुसरी चूक केली. त्याने सल्ला विचारला.

अनेस्तिस म्हणाला, झाडाला दोन माळा, आणि त्याही सावलीच्या बाजूला. न्हावी म्हणाला, चार. दोनने काय होतंय, अनेस्तिसच्या झाडाकडे बघा, निम्मी फळं खाली. पाद्रीबाबा म्हणाले, तीन, आणि तीनच का ते समजावून सांगायला त्यांना अर्धा तास लागला. ख्रोनिसने तिन्ही आकडे वहीत लिहिले. शेजारपाजारच्या अनुभवी लोकांचे तीन आकडे समोर असताना दुसरा कुणी मधला आकडा घेतला असता. पण ख्रोनिस पोस्टातला. पोस्टात शंका आली की जास्तीचं तिकीट लावायचं. कमी तिकिटाचं पत्र परत येतं. जास्त तिकिटाचं पत्र परत आलेलं त्याने नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने तिन्ही आकड्यांची बेरीज केली. नऊ आले. त्यात दोन असिमिनाच्या नावाने घातल्या. झाडाला अकरा माळा. झाडं चार.

पेत्राच्या बाजारात गाढवाच्या टोपल्या पुढे ठेवून एक म्हातारी बसली होती. त्याचा आकडा ऐकून तिने डोक्यावरचा रुमाल मागे सारला.

"एवढी? अख्खा डोंगर आहे का तुझा?"

"चार झाडं आहेत. मोठी आहेत."

"बायकोने सांगितलं का एवढी आणायला?"

"बायको नाही. होती."

म्हातारी एकेक रानअंजीर बोटाने दाबून पाहू लागली, आणि मऊ पडलेली बाजूला टाकू लागली. शेवटी म्हणाली, "प्लास्टिकमध्ये नको नेऊ, गुदमरतात. आणि ऊन चढायच्या आत पोच. एकदा निघाल्या की तुझ्यासाठी थांबायच्या नाहीत."

ख्रोनिसने टपालाची जुनी कॅनव्हासची थैली आणली होती. निवृत्तीच्या दिवशी ती परत करायची राहून गेली, असं तो सांगायचा. थैली भरली, तोंड दोरीने बांधलं, आणि तो ताठ मानेने बसथांब्यावर उभा राहिला. इतकी वर्षं या थैलीतून दुसऱ्यांचा माल गेला. आज स्वतःचा होता.

सकाळची साडेसहाची बस आली ती आठला. टायर पंक्चर झाला होता, आणि चालक सारांतिसने तो बदलताना वाटेतल्या दोघांशी राजकारणावर भांडणही उरकलं होतं. बस निघाली तेव्हा ऊन खिडक्यांतून सरळ आत येत होतं. ख्रोनिसने थैली मांडीवर घेतली. तिसऱ्या वळणावर त्याच्या पुढे बसलेल्या स्मारो आजीच्या काळ्या रुमालावर एक काळा ठिपका चालताना त्याला दिसला. काळ्यावर काळा, म्हणून आधी त्याने तो नसल्याचं ठरवलं. मग पाच ठिपके झाले. मग त्याच्या बाहीवर, मग काचेवर.

"मास्तर," स्मारो आजी मागे न वळता म्हणाली, "थैलीत काय आहे?"

"रानअंजिरं."

"अरे देवा! सुटल्या! सारांतिस, सुटल्या रे!"

दुसऱ्या एखाद्या मुलखात बसमध्ये किडे निघाले असते तर लोकांनी खिडक्या उघडल्या असत्या. आमच्या बसमध्ये एकवीस माणसं एकदम उठली आणि सगळ्यांनी खिडक्या बंद केल्या.

"वरची झडपही लाव!"

"दार उघडू नकोस, सारांतिस, कुणी हात केला तरी उघडू नकोस!"

"एसी लाव, गार झाल्या की बसून राहतील."

"एसीने मरतील! माझ्या जावेने फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, एक उठली नाही."

"तुझी जाऊ काय सांगतेस, तिने फ्रीजमध्ये कोंबडीही जिवंत ठेवली असेल!"

मागच्या बाकावर पाठीवर पिशवी घेतलेला एक परदेशी पाहुणा होता. त्याच्या नाकावर माशी बसली. त्याने टोपी काढून उगारली, आणि अख्खी बस त्याच्यावर ओरडली. स्मारो आजी दोन बाकांवरून गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"मारू नकोस, बाळा. ती मास्तरांची आहे."

त्याला भाषा कळली नाही, पण मनगट कळलं. तो पुढचा सगळा रस्ता डोळे मिटून बसला. नाकावर तीन माशा होत्या.

ख्रोनिसला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं. बस ही काही थैली नाही. बसचा थांबा चर्चपाशी, तिथून मळा पाऊण तास चालत. तोवर दार उघडलं की सगळं संपलं. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सारांतिसने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"मास्तर, असिमिनावहिनींची झाडं टेकडीच्या वरच्या रस्त्याला ना?"

"हो, पण तो रस्ता तुझ्या मार्गावर नाही."

"नाही. पण वहिनी आमच्या आईला दर वर्षी जोड्या द्यायच्या. कुणाला घाई आहे का?"

घाम पुसत एकवीस माणसांनी सांगितलं की घाई नाही. एकाला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तो म्हणाला, दात कुठे पळतोय.

अशी ती बस खिडक्या लावून, जूनच्या उन्हात, आतली माणसं भाजत टेकडी चढली आणि मळ्याच्या फाटकाशी थांबली. सारांतिसने एकेकाला सावकाश उतरवलं. "झटकू नका! हात हलवू नका! सरळ झाडाखाली जाऊन उभे राहा." बायका रुमालांवर माशा घेऊन, लग्नात नवरी चालते तशा, चार झाडांखाली जाऊन उभ्या राहिल्या. थैलीत अजून पुष्कळ शिल्लक होत्या. मळ्याखालच्या ओढ्यातून कुणीतरी लव्हाळा आणला. सगळे ओवायला बसले, आणि एकाची माळ दुसऱ्याला पसंत पडेना. पाहुणा सगळ्यांत उंच, म्हणून त्याला शिडीवर चढवलं. ख्रोनिस वही घेऊन मधोमध उभा होता आणि प्रत्येक झाडाला अकरा झाल्या की खूण करत होता. आयुष्यात पहिल्यांदा मळ्यात लोक त्याचं ऐकत होते.

त्याच वेळी शेजारच्या बांधावर कालिरोई आली.

"हे काय, दाजी? कुणाचं लग्न?"

"माळा बांधतोय."

तिने मान वर केली. मोजलं. पुन्हा मोजलं. "अकरा? ताई तीन बांधायची! एवढी माशी आत गेली तर फळ बियांनी ठासून भरतं आणि पिकताना फुटतं. आठ काढा खाली."

"कमी तिकिटाचं पत्र परत येतं, कालिरोई."

"हे पत्र आहे का?"

एकवीस माणसं बघत होती. पाहुणाही शिडीवरून बघत होता. खाली काढायला ख्रोनिसचं मन तयार होतं, पण मान तयार नव्हती. "अकरा राहतील," तो म्हणाला.

जुलै उजाडला. ख्रोनिस रोज सकाळी झाडांखाली वाकून गळलेली फळं शोधायचा. अनेस्तिसच्या झाडाखाली बरीच पडली होती. ख्रोनिसच्या झाडाखाली एकही नाही. हिरव्या गोट्या फुगत होत्या, फांद्या वाकत होत्या. तो दुकानात जायचा तो आता पाय ओढत नाही, तर बूट वाजवत.

"गळ किती, जावईबापू?"

"गळ म्हणजे काय असतं?" ख्रोनिस विचारायचा, आणि खुर्ची सगळ्यांना दिसेल अशी वळवून बसायचा.

हे सुख त्याने पाच आठवडे भोगलं. एवढं सुख त्याला निवृत्तिवेतन मंजूर झालं तेव्हाही नव्हतं.

ऑगस्टच्या मध्याला, देवमातेच्या सणानंतर तीन दिवसांनी, पहिलं अंजीर फुटलं. त्याला वाटलं पाखराने टोचलं. दुसऱ्या दिवशी चाळीस फुटली. तिसऱ्या दिवशी त्याने मोजणं सोडलं. देठापासून खालपर्यंत उभी चीर, आतला लाल गर बाहेर, आणि गरात बियाच बिया. कालिरोईने सांगितलं होतं, अगदी तसंच. त्याने फाटकाला आतून कुलूप लावलं, आणि गावात सांगितलं की झाडांना विश्रांती हवी आहे.

"झाडांना?" अनेस्तिस म्हणाला.

"झाडांना."

तो झाडाखाली दगडावर बसून राहायचा. गेलेल्या माणसाशी बोलू नये असं काही त्याला वाटत नसे. असिमिनाशी तो रोज बोलायचा. पण त्या आठवड्यात त्याला तिच्याशीही बोलायची लाज वाटली. तिने चाळीस वर्षांत एक फळ वाया घालवलं नव्हतं. त्याने एका वर्षात चार झाडं फोडली.

कालिरोई बांध ओलांडून आली. कुलूप फाटकाला होतं, बांधाला नव्हतं. तिने एक फुटकं अंजीर तोडलं, हातात फिरवलं, आणि दगडावर त्याच्या शेजारी बसली. ख्रोनिसने खिशातून किल्ली काढली.

"नोव्हेंबरपर्यंत कशाला थांबायचं," तो म्हणाला. "घे."

तिने किल्ली घेतली नाही. ती हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि मग डोळ्यांतून पाणी काढून.

"हसतेस काय? तुझ्या बापाची झाडं आहेत."

"दाजी, ताईने मला शपथ घातली होती. आता ती नाही, म्हणून सांगते. तुमचं लग्न झालं त्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले होते. माळा पहिल्यांदा ताईने बांधल्या. किती बांधल्या माहितीये? दहा! सगळी फळं फुटली. अशीच."

"खोटं. त्या वर्षीच्या जोड्या मी स्वतः खाल्ल्यात."

"खाल्ल्यातच. फुटलेली, पुस्तकासारखी उघडलेली. तुम्ही अंगणात येऊन विचारलंत, अशी का? तुम्ही शहरातले, सरकारी नोकरीतले, नवीन नवरा. तिला लाज वाटली. ती म्हणाली..."

"रुंद चिरलं की लवकर सुकतं," ख्रोनिस म्हणाला.

"तेच. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खिडकीतून गावाला शिकवायला लागलात. ताई घरात कपाळाला हात लावून बसली होती. पुढच्या वर्षी बघते तर सगळं गाव देठापर्यंत चिरतंय. मग तिलाही तसंच चिरावं लागलं. जन्मभर!"

ख्रोनिसला पोस्टाची खिडकी आठवली. तिकिटामागे तिकीट, माणसामागे माणूस, त्याने केवढ्या अभिमानाने ते सांगितलं होतं. आणि दर वेळी घरी आल्यावर ती कॉफी पुढे ठेवून विचारायची, "आज कुणाला शिकवलंत?" तो नावं सांगायचा. ती तोंड फिरवून चुलीकडे बघायची. ती का तोंड फिरवायची ते त्याला एकेचाळीस वर्षांनी कळलं.

"त्या जोड्या चांगल्या सुकल्या होत्या ना?" त्याने शेवटी विचारलं.

"उत्तम सुकल्या होत्या."

"मग मी गावाला सांगितलं ते खोटं नव्हतं."

"खोटं नव्हतं," कालिरोई म्हणाली. "उठा आता. फुटलेलं फळ दुपारपर्यंत आंबतं. उन्हाच्या आधी काढायचं, लगेच जोडायचं. सुरी नको. तेवढं काम तुम्ही जूनमध्येच करून ठेवलंय."

पुढचे तीन आठवडे ते दोघं उजाडताच मळ्यात असायचे. कालिरोई शिडीवर, ख्रोनिस खाली. आंबलेली फळं तिच्या कोंबड्यांना जायची, आणि त्या कोंबड्या दुपारी तिरक्या चालायच्या. उरलेली ख्रोनिस गराला गर लावून अंगठ्याने दाबायचा. पहिल्या दिवशी त्याच्या जोड्या सुटल्या. कालिरोई म्हणाली, "शिक्का मारताय का? धरून ठेवा थोडा वेळ." त्याने धरून ठेवल्या. मग सुटेनात. कडा वेड्यावाकड्या फाटलेल्या होत्या, पण दोन एकमेकांवर बसल्या की फाटलेलं सगळं आत जायचं, आणि बाहेरून नुसती साल दिसायची.

नोव्हेंबरात चर्चच्या आवारात उकडलेल्या गव्हाच्या ताटाशेजारी दुसरं ताट होतं. त्यात एकशे सव्वीस जोड्या होत्या. ख्रोनिसने नवा कोट घातला होता आणि ताटाच्या मागे तो असा उभा होता की त्याला वळसा घातल्याशिवाय कुणाला गव्हाकडे जाता येऊ नये. स्मारो आजीने दोन घेतल्या, एक रुमालात बांधली. सारांतिसने आईसाठी घेतली. एव्दोक्सियाने एक जोडी खाल्ली, बोटं पुसली, आणि पिशवीतून लिफाफा काढून त्याच्या हातात दिला.

"काका, शाळेच्या आवारातल्या रानअंजिराची परवानगी. मुदत जूनमध्ये संपली, पण मी तारीख पुढच्या जूनची घातली आहे. फक्त तिसऱ्या रकान्यात सही राहिली आहे."

ख्रोनिसने कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि तिथेच, ताटाच्या कडेवर कागद ठेवून, सही केली. "खिडकी दोनला बंद होते ना?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठी अडीचला."

मग अनेस्तिस आला. त्याने एक जोडी उचलली, उजेडात धरली, अलगद उघडून पाहिली, आणि तोंडात टाकली. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते.

"मान्य करायला पाहिजे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "असिमिनाच्या हातची चव आहे. आणि चिरलीयेत कशी बघा, पार देठापर्यंत. ही आमच्या आजोबांची पद्धत. जावईबापू, शिकलात तुम्ही!"

ख्रोनिसने तोंड उघडलं. एकेचाळीस वर्षं हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं: पद्धत कुणाची, ती गावात आणली कुणी, कोणत्या साली, कोणत्या खिडकीतून. शेजारी कालिरोई उभी होती. ती गव्हाच्या ताटाकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हो," ख्रोनिस म्हणाला. "जुनी पद्धत आहे."

आणि त्याने तोंड बंद केलं. गावात हे पहिल्यांदाच घडत होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

लोक पांगल्यावर कालिरोईने रिकामं ताट काखेत मारलं. "किल्ली खिळ्यालाच राहू दे, दाजी. पण जूनमध्ये माळा मी मोजणार."

"मोज," ख्रोनिस म्हणाला. "चार बांधणार आहे."

"तीन!"

"बघू."

ती गेली. ख्रोनिस थडग्यांच्या मधल्या वाटेने असिमिनापाशी गेला. एक जोडी त्याने सकाळीच कोटाच्या आतल्या खिशात वेगळी ठेवली होती, सगळ्यांत मोठी. ती त्याने दगडावर ठेवली, पालथी-उताणी करून नीट बसवली, आणि कोट सारखा केला.

"फुटलेलीच आहेत," तो म्हणाला. "तुझ्या दहा होत्या, माझ्या अकरा."

मग त्याने मागे वळून आवारात कुणी नाही याची खात्री केली, आणि वाकून हळूच सांगितलं, "अनेस्तिसला कळू द्यायचं नाही."